पचमढीचा घाट आणि मागच्या सीटचे दोन दावेदार

साकेत नगर

भोपाळहून पचमढीला जायचे रीतसर मार्ग ठरलेले आहेत. रेल्वेने पिपरियापर्यंत जायचं आणि तिथून बस नाहीतर जीप धरून वर चढायचं. लग्नानंतर आम्ही जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा असेच गेलो. या दिवाळीनंतर मात्र घराच्या दारापासून मोटरसायकलवर गेलो, आणि ती मी चालवली. हे सांगितलं की ऐकणारे आधी माझ्याकडे बघतात, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि त्यांनाच विचारतात, "मग तुम्ही कुठे होतात?"

ते मागे होते. निदान बराचसा रस्ता तरी.

माझं नाव मंगल. राहते साकेत नगरला, आणि घराजवळच्या मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणजे लोकांचे गुडघे, खांदे आणि पाठी पुन्हा कामाला लावते. वय पन्नाशीच्या पुढे. माझे यजमान अरविंद राज्य सरकारच्या कचेरीतून नुकतेच निवृत्त झाले. सासरे नागपूरहून सरकारी बदलीवर भोपाळला आले ते इथलेच झाले. अरविंदना कुठलंही वाहन चालवता येत नाही, सायकलसुद्धा नाही, आणि त्याचं त्यांना वाईट वाटलेलं मी कधी पाहिलं नाही. मागे बसणं हे एक स्वतंत्र काम आहे असं ते मानतात आणि ते काम मन लावून करतात. "डावीकडून ऑटो. पुढे खड्डा. ब्रेक. मंगल, ब्रेक!" आमचा संसार या सूचनांवर बरीच वर्षं चालला आहे.

माझ्याकडे शंभर सीसीची छोटी मोटरसायकल होती. स्कूटर का नाही, असं सगळे विचारत. माझ्या भावाने नागपुरात मला मोटरसायकलच शिकवली, दुसरं काही शिकवलंच नाही, एवढंच कारण. गाडी गुणाची होती, पण वय झालं होतं. श्यामला हिल्सच्या चढावर दोघं बसलेले असलो की ती मध्येच दम टाकायची. मग अरविंद उतरायचे, पिशवी खांद्याला लावायचे आणि चालू लागायचे. मी पहिल्या गिअरमध्ये गुरगुरत त्यांच्या शेजारून जायचे. कधीकधी तेच आधी वर पोचायचे.

एके दिवशी ते असेच चढ चढत असताना मागून एक दाढीवाले गृहस्थ मोठ्या गाडीवर आले आणि अरविंदपाशी थांबले.

"आओ खाँ, बैठ लो. ऊपर छोड़ दें."

आणि अरविंद बसले! मी मागून येत होते. ती गाडी माझ्या शेजारून धडधडत वर गेली, आणि जाता जाता माझ्या नवऱ्याने मला हात केला. अगदी सहज, ओळखीच्या माणसाला करतात तसा.

त्याच आठवड्यात आम्ही मोठी गाडी बघायला गेलो.

दुकानातल्या विक्रेत्याने सगळी माहिती अरविंदना दिली. इंजिन, टाकी, चाकं, ब्रेक, सगळं त्यांच्याकडे बघून. अरविंद कचेरीतलं प्रकरण ऐकून घेतल्यासारखे गंभीरपणे मान डोलावत होते. शेवटी तो म्हणाला, "तो सर, एक चक्कर लगाएँगे?"

"ज़रूर," अरविंद म्हणाले. "मैडम को चाबी दीजिए."

मी बसले तेव्हा लक्षात आलं की माझे पाय जमिनीला पुरते टेकत नाहीत. चवडे टेकत होते, टाचा हवेत. आणि वजन! आमचं लोखंडी कपाट एकदा आम्ही भिंतीपासून सरकवलं होतं, त्याची आठवण झाली. पण गाडी सुरू झाली आणि तो जड, संथ ठोका पायांतून वर आला, तेव्हा मी टाचा विसरले. गाडी घेतली. अरविंदनी फक्त एक अट घातली.

"एकदा जरी पडली, तरी परत छोटी गाडी."

मी हो म्हणून टाकलं. तेव्हा मी काहीही कबूल केलं असतं.

बुधनी

पिपरियाला माझी नणंद राहते, कुसुमताई. अरविंदपेक्षा बऱ्याच मोठ्या, सत्तरी ओलांडलेल्या, एकट्याच असतात. पचमढीच्या पायथ्याशी सगळं आयुष्य गेलं, पण वर जाणं क्वचितच झालेलं. जवळचं ठिकाण नेहमी असंच राहून जातं. यंदा आम्ही त्यांना घेऊन पचमढीला जायचं ठरवलं. बेत असा की पिपरियापर्यंत आम्ही दोघं गाडीवर जाऊ, गाडी ताईंच्या अंगणात ठेवू आणि पुढे तिघंही बसने.

सकाळी पोहे-जलेबी खाऊन निघालो. बाग सेवनिया मागे पडलं, मंडीदीपचे कारखाने मागे पडले आणि ओबेदुल्लागंजच्या पुढे जंगल लागलं. पावसाळा सरून फार दिवस झाले नव्हते. सागाची पानं अजून हिरवी होती आणि हवेत ओल्या मातीचा वास होता. छोट्या गाडीवर मी नेहमी इंजिनाच्या मनाप्रमाणे चालायचे. चढ दिसला की आधीच गिअर उतरवून ठेवायचे. या गाडीला चढ कळतच नव्हते. मी मूठ जराशी पिळायची आणि टेकडी खाली जायची. मी मनात खूष होते. मागून सूचना चालूच होत्या.

"ट्रक."

"दिसतोय."

"वळण आहे."

"अहो, दिसतंय."

"सांगून ठेवलेलं बरं."

बुधनीला रस्त्याच्या कडेने लाकडी खेळण्यांची दुकानं आहेत. लाल-पिवळे भोवरे, चाकांचे पांगुळगाडे, छोटी पोळपाट-लाटणी. ताईंना काहीतरी घेऊ म्हणून मी एका दुकानासमोर थांबले आणि डावा पाय खाली टेकवला. म्हणजे टेकवायला गेले. रस्त्याची कड तिथे उतरती होती आणि जिथे जमीन असायला हवी होती तिथे नव्हती.

मोठी गाडी पडते ती छोटीसारखी आपटत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. ती म्हैस बसते तशी बसते. आधी विचार करते, मग एका बाजूला झुकते, आणि तेव्हा तुम्ही काहीही करा, तिचं ठरलेलं असतं. मी हँडल धरून "अरे, अरे, अरे" म्हणत तिच्याबरोबर सावकाश खाली गेले. अरविंदचे पाय लांब. गाडी त्यांच्याखालून निघून गेली आणि ते जागच्या जागी उभे राहिले, पाय फाकलेले, हातात पिशवी, जणू अजून कशावर तरी बसले आहेत.

दुकानातून माणसं धावत आली. त्यांनी आधी मला उठवलं, मग गाडी. मला खरचटलंसुद्धा नव्हतं. दुकानदार अरविंदना रागे भरला.

"अंकल, इतनी भारी गाड़ी आंटी को काहे दे दी? आप क्यों नहीं चलाते?"

"मुझे आती नहीं," अरविंद शांतपणे म्हणाले.

ही शक्यता त्या लोकांच्या डोक्यातच आली नव्हती. मग दुकानदाराने आम्हाला चहा पाजला. मी आजारी माणसाच्या नातेवाइकांकडे बघते तशा नजरेने तो थोडा वेळ अरविंदकडे बघत होता.

मी एक भोवरा घेतला आणि आम्ही निघालो. नर्मदेच्या पुलापर्यंत मागून एकही सूचना आली नाही. पुलावर अरविंद म्हणाले, "पडली."

"उभी होती. उभी गाडी पडली तर तिला पडणं म्हणत नाहीत."

"मग काय म्हणतात?"

"कलंडणं."

त्यांनी नदी ओलांडेपर्यंत विचार केला. आयुष्यभर नियमांची कलमं लावलेला माणूस. "अटीत उभी की चालती असा भेद केलेला नव्हता," ते म्हणाले. "त्यामुळे शब्दशः बघता पडलीच. पण गाडी घेताना अटीचा हेतू तुझी सुरक्षितता हा होता, आणि तू सुरक्षित आहेस. तेव्हा हेतू बघता नाही पडली. मुद्दा विचाराधीन ठेवू."

नर्मदापुरमला पोचेपर्यंत मुद्दा विचाराधीन होता. सोहागपूरच्या अलीकडे एका टपरीवर गरम मंगोडे खाल्ले, मुगाच्या वाटलेल्या डाळीचे. आमच्या आईच्या हातची भजी बेसनाची असत आणि नागपूरकडे त्यावर कढी ओततात. इथे हिरवी चटणी आणि तळलेली मिरची. अरविंद दोन्हींच्या तुलनेत रमले आणि अट मागे पडली असं मला वाटलं. माझी समजूत चुकीची होती.

पिपरिया

कुसुमताई अंगणात उभ्याच होत्या. गाडीचा आवाज गल्लीच्या तोंडाशी आला तेव्हाच त्या बाहेर आल्या असणार. त्यांनी मला नखशिखांत पाहिलं, गाडीला पाहिलं आणि भावाकडे वळल्या.

"अरविंद, एवढ्या दुरून तू मागे बसून आलास?"

"हो."

"आणि कायकाय केलंस मागे बसून?"

"लक्ष ठेवलं."

जेवायला गोळाभात होता. ताईंना पिपरियात येऊन पन्नास वर्षं होत आली, बोलण्यात निम्मी हिंदी, पण चुलीवर नागपूर अजून शाबूत. पानावर बसल्या बसल्या अरविंदनी बुधनीची हकिगत सांगितली आणि अटीचा मुद्दा बहिणीपुढे ठेवला. मला वाटलं होतं ताई त्यांची बाजू घेतील.

"पडली तर पडली," ताई म्हणाल्या. "तू लहानपणी अंगणात चालतानासुद्धा धपाधप पडायचास. म्हणून काय बाबांनी तुला परत केलं? अट-बिट काही नाही. ती बात खतम. भात घे."

अशा रीतीने अट रद्द झाली. अरविंदनी निमूट भात घेतला. मोठ्या बहिणीपुढे कुठलंच कलम चालत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बसस्टँडवर जायच्या तयारीत होतो. तेवढ्यात ताई म्हणाल्या, "बसच्या पायऱ्या मला चढवत नाहीत. गुडघे बघितलेस ना, मंगल?"

मी आदल्या संध्याकाळीच बघितले होते. बसची पहिली पायरी त्यांच्या गुडघ्याला खरोखरच उंच. मी म्हटलं, "मग जीप करू, ताई."

"जीपमध्ये मला मळमळतं. वळणावळणाचा घाट." त्या क्षणभर थांबल्या आणि अंगणातल्या गाडीकडे बघत म्हणाल्या, "हिच्यावर मळमळणार नाही. हवा लागते."

अरविंदचा चहाचा कप ओठांपर्यंत आलेला तसाच राहिला. "ताई, मग मी?"

"तू बसने ये. तुझे गुडघे ठीक आहेत."

मळमळ ही सबब आहे हे आम्हा दोघींनाही कळत होतं. पण त्यांच्या चेहऱ्यावर असं काही होतं की मला नाही म्हणवेना. मला भीती मात्र वाटत होती. घाट मी कधी चालवला नव्हता, आणि मागे अरविंद असले की निदान त्यांचे लांब पाय तरी होते. त्यात ताई साडीत, म्हणजे दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसणार.

"ताई, पडलो तर?"

"तर तू आहेस की. हाडंच तर जोडतेस."

"हाडं डॉक्टर जोडतात, ताई. मी नंतर चालायला लावते."

"म्हणजे आणखीच छान."

बसायचा प्रश्न ताईंनीच सोडवला. त्यांच्या घराचा ओटा बरोबर सीटच्या उंचीचा. मी गाडी ओट्याला लावली आणि त्या खुर्चीवर बसावं तशा मागे सरकून बसल्या. हेल्मेट अंबाड्यावर बसेना, तेव्हा त्यांनी अंबाडा सोडून वेणी घातली. पांढरी शेपटी पाठीवर, त्यावर अरविंदचं हेल्मेट. शेजारच्या घरांतून बायका बघत होत्या. ताईंनी कुणाकडेही पाहिलं नाही. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "चल."

अरविंद बॅगा घेऊन बसस्टँडकडे निघाले. वळून वळून ते सीटकडे बघत होते.

घाट

मटकुलीपर्यंत सरळ रस्ता. तिथून पुढे वळणं सुरू होतात आणि झाडी रस्त्यावर येते. मी अगदी हळू चालवत होते, एक बससुद्धा आम्हाला मागे टाकून वर गेली. ताई मागून काही सांगत नव्हत्या. त्या गाणं गुणगुणत होत्या आणि वळण आलं की "हं" म्हणत होत्या, मुलांच्या झोक्याला धक्का देताना म्हणतात तसं. पहिल्या काही वळणांवर माझे खांदे ताठ झाले होते. मग मला जाणवलं की ताई गाडीबरोबर झुकताहेत, मी झुकेन तितक्याच. अरविंद वळणावर नेहमी उलट बाजूला कलतात, सावधगिरी म्हणून. इतकी वर्षं मी गाडी आणि ती सावधगिरी असं दोन्ही वळवत होते, हे मला त्या घाटात समजलं.

"ताई, भीती वाटत नाही ना?"

"नाही गं. किती सालों बाद वारा खाल्ला."

अर्ध्या घाटात एका वळणावर बस उभी होती. इंजिनाचं झाकण उघडं, ड्रायव्हर आत वाकलेला, प्रवासी रस्त्याच्या कडेला पसरलेले. त्यांत अरविंद, दोन्ही हातांत बॅगा. आम्हाला बघताच त्यांचा चेहरा उजळला.

"बरं झालं! दुसरी बस कधी येईल सांगता येत नाही म्हणे. ताई, तू उतर, सावलीत बस. मी आधी वर जाऊन खोलीचं बघतो."

मी आजूबाजूला पाहिलं. सीटच्या उंचीचा ओटा कुठेच नव्हता. कठडा होता, पण त्याच्यापलीकडे दरी.

"अहो, त्यांना उतरवू कुठे?"

"आम्ही धरून उतरवतो."

"कोण आम्ही?" ताई हेल्मेटच्या आतून म्हणाल्या. "इतक्या लोकांसमोर मला पोत्यासारखं उतरवणार? मी इथे उतरत नाही. आणि तू ज्या बसमध्ये बसलास तिला असं मध्येच सोडून जातोस?"

प्रवाशांना मराठी कळत नव्हतं, पण प्रकरण कळलं. एक माणूस म्हणाला, "भैया, अम्मा नहीं उतरेंगी. आप बैठ जाओ." अरविंद कठड्यावर बसले. "ताईंना पोचवून मी परत येते," मी म्हटलं. बॅगा तशाच त्यांच्या पायाशी राहिल्या.

पचमढीत पोचल्यावर दुसरं संकट. चढायला ओटा होता, उतरायला हवा होता. आम्ही ज्या छोट्या लॉजमध्ये खोली सांगितली होती तिच्या पायऱ्या अगदी बुटक्या निघाल्या. बाजारातून एक फेरी मारली. किराणा दुकानाचा कट्टा ठेंगणा, औषधाच्या दुकानापुढे नाली. दुसऱ्या फेरीत लोक आमच्याकडे बघून हसू लागले. ताईंना त्याचं काहीच नव्हतं. "आणखी एक चक्कर मार," त्या म्हणाल्या, "मला घाई नाही." मला संशय आहे की बेताचा एक कट्टा आम्ही पहिल्याच फेरीत मागे टाकला होता आणि त्यांनी तो पाहिला होता. शेवटी एका चहाच्या दुकानाचा सिमेंटचा ओटा बरोबर जमला. ताई उतरल्या, साडी झटकली आणि तिथेच बसून चहा मागवला.

"जा, आण त्याला," त्या म्हणाल्या. "मी इथे आहे."

मी परत घाटाकडे वळले, आणि पहिल्या वळणावर सवयीने म्हणाले, "धरलंत ना?" मागे कुणीच नव्हतं.

आणि मला एकदम जाणवलं की ही गाडी मी शहराबाहेर कधी एकटीने चालवलीच नव्हती. ही काय, छोटीसुद्धा नाही. एकटी मी फक्त रुग्णालयात जायचे आणि भाजी आणायचे. दूरच्या रस्त्यावर नेहमी मागे कुणीतरी. उतारावर गाडी हलकी झाली होती. ऊन झाडांतून तुकड्या-तुकड्यांनी रस्त्यावर पडलं होतं. एका बाजूला दरी उघडत होती, बंद होत होती. मी मोठ्याने गाऊ लागले. मला गाता येत नाही.

एका वळणावर कठड्यावर लंगूर बसले होते, काळ्या तोंडांचे, शेपट्या खाली सोडून, ओळीने. बघावं म्हणून मी थांबले. उजवा पाय टेकवला. खाली बारीक खडी होती.

म्हैस बसली.

या वेळी धावत येणारं कुणी नव्हतं. किल्ली बंद केली, पाय सोडवून उठले. आवाज थांबल्यावर घाट एवढा शांत झाला की मला माझाच श्वास ऐकू येत होता. गाडी आडवी, आरसा उलटा, पुढच्या ब्रेकचा दांडा वाकलेला. पेट्रोलचा वास आला. वर एक म्हातारी बाई ओट्यावर बसलेली, खाली माझा नवरा कठड्यावर बसलेला, दोघांनाही गाडी येत नाही, आणि दोघंही माझी वाट बघताहेत. मी हँडल धरून ओढलं. गाडी हललीसुद्धा नाही. पुन्हा ओढलं, तर पाठीत कळ आली. खरं सांगते, मला रडू आलं. मी रस्त्यावर बसून थोडी रडलेसुद्धा. लंगूर बघत होते.

मग पाठीची ती कळच कामी आली. पाठीने ओझं ओढू नका, असं मी किती जणांना सांगते. पाठ सरळ ठेवा, वजन अंगाजवळ घ्या, जोर मांड्यांचा लावा. मी उठले. आधी गाडी गिअरमध्ये टाकली, म्हणजे घरंगळायची नाही. उजवीकडे पडली होती, तेव्हा डावीकडचा स्टँड आधीच उघडून ठेवला. मग तिच्याकडे पाठ केली, खाली बसून सीटच्या कडेला टेकले, एका हाताने हँडल धरलं, दुसऱ्याने सीटमागची लोखंडी पट्टी, आणि मांड्यांवर जोर देत एकेक पाऊल मागे सरकू लागले. पहिल्यांदा खडीवर पाय घसरला आणि मी पुन्हा बसले. खडी चपलेने बाजूला सारली. दुसऱ्यांदा ती उठली. आधी अगदी थोडी, मग आणखी थोडी, आणि मग एकदम हलकी होऊन स्टँडवर जाऊन टेकली.

मी तिच्याकडे बघत उभी राहिले. मागे वळून पाहिलं तर एक लंगूर उठून निघून गेला होता. बाकीचे होते. मला इतकं हसू आलं की कठड्याला धरावं लागलं.

बस अजून तिथेच होती. प्रवाशांनी सीताफळवालीची टोपली गाठली होती आणि सगळे ओळीने बसून बिया थुंकत होते. अरविंद मध्यभागी. मी वळणावर दिसताच एकच गलका झाला.

"आ गईं! आ गईं!"

ड्रायव्हर हात पुसत पुढे आला. "साहब कब से बोल रहे थे, मेरी मैडम लेने आएँगी. हम समझे, दिल बहला रहे हैं."

अरविंदनी रुमालाला हात पुसले. त्यांची नजर वाकलेल्या दांड्यावर गेली, मग माझ्या कुर्त्यावरच्या धुळीवर.

"पडली?"

"पडली."

"कुणी उचलली?"

"मी."

"आणखी कोण होतं?"

"माकडं."

त्यांनी माझ्या पाठीवरची धूळ हाताने हळूहळू झटकली, सगळी निघेपर्यंत. मग हातातलं अर्धं सीताफळ मला दिलं. ते खाऊन होईपर्यंत थांबले. माझं हेल्मेट मी घातलं, त्यांचं तर ताईंजवळ, म्हणून ड्रायव्हरने आपलं काढून दिलं. त्याची मोटरसायकल वर बसस्टँडवर होती म्हणे, हेल्मेट तिथल्या खिडकीत ठेवा म्हणाला. बॅगा बसच्याच भरवशावर सोडल्या.

वर जाताना मागून एकही सूचना आली नाही. ट्रक आला, गेला. आंधळं वळण आलं. मला काळजी वाटू लागली.

"अहो, झोपलात का?"

"नाही," अरविंद म्हणाले. "बघतोय. दरी फार खोल आहे गं."

"याआधी पाहिली नव्हतीत?"

"मी रस्ता बघायचो ना."

आणि पुढच्या वळणावर ते, पहिल्यांदाच, माझ्याबरोबर झुकले.

पचमढी

बॅगा संध्याकाळच्या आत आल्या. बसही आली, आपली आपण. लॉजच्या व्हरांड्यात आम्ही चहा घेत बसलो. थंडी पडायला लागली होती. ताईंनी शाल घेतली होती आणि गुडघ्यांना मी तेल लावून दिलं होतं. बरं वाटतंय म्हणाल्या. मग त्यांनी सहज विचारलं, "परवा परत जायचं ना? मी मंगलबरोबरच जाईन."

"ताई, जाताना माझी पाळी," अरविंद म्हणाले.

"पाळी? तू भोपाळपासून बसून आलास."

"पिपरियापर्यंतच. घाट अर्धाच मिळाला."

"मला उतार मिळालाच नाही."

"पण तुला उतरायला ओटा लागतो!"

"घरी आहे माझा ओटा. पिपरियात. तुझा कुठे आहे?"

अरविंद खुर्चीत पुढे सरकले. मी ओळखलं, आता कलमं निघणार. ताईंनी शाल घट्ट ओढून घेतली. त्यांचीही बाजू कच्ची नव्हती. दोघं मिळून माझ्या गाडीच्या मागच्या सीटचा निकाल लावत होते, आणि पुढच्या सीटचा विचार कुणाच्याच मनात नव्हता.

मी चहा संपवला. खुर्चीवरची किल्ली उचलली आणि व्हरांड्याच्या पायऱ्या उतरले. इंजिन सुरू झालं तेव्हा दोघांनीही एकदम माझ्याकडे वळून पाहिलं.

"कुठे निघालीस?" अरविंदनी विचारलं.

मला खरंच माहीत नव्हतं. अजून तासभर तरी उजेड राहणार होता, आणि चर्चच्या बाजूचा रस्ता रिकामा दिसत होता.

"येते," मी म्हटलं, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.